नाव गेले म्हणजे मत गेले

७ डिसेंबर २०१८ या दिवशी हैदराबाद शहरात जे घडले त्याला दंगल म्हणता येत नाही, मतपेट्यांची पळवापळवी म्हणता येत नाही आणि दडपशाही तर मुळीच म्हणता येत नाही. तेलंगण विधानसभेचे मतदान होते. लोक सकाळी शांतपणे केंद्रावर गेले, रांगेत उभे राहिले, आपली पाळी येताच निवडणूक आयोगानेच दिलेले छायाचित्रासह ओळखपत्र त्यांनी पुढे केले. आणि टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्याने यादीवरून बोट फिरवून सांगितले की, आपले नाव यादीत नाही. ना लाठी, ना गोळी, ना आरडाओरडा! असे परत फिरलेले लोक एकदोन नव्हते. बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा यांच्यासारख्या देशभर ठाऊक असलेल्या खेळाडूनेही आपले नाव यादीतून नाहीसे झाल्याचे त्याच दिवशी जाहीर केले. जिचे नाव वर्तमानपत्रांना पाठ होते तिचे नाव यादीला पाठ नसावे, तेथे पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या गवंड्याची दाद कोण घेणार?

राज्याचे तत्कालीन मुख्य निवडणूक अधिकारी रजत कुमार यांनी या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली. अधिकाऱ्याने माफी मागावी ही आपल्या देशात दुर्मीळ गोष्ट आहे, आणि त्या सौजन्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु माफीने मत परत येत नाही. रेल्वे चुकली तर पुढची मिळते, रेशन चुकले तर पुढच्या महिन्यात मिळते. चुकलेले मत पाच वर्षे मिळत नाही, आणि पाच वर्षांनी मिळते ते दुसरेच मत असते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६२ वे कलम याबाबतीत अगदी कोरडे आहे : ज्याचे नाव यादीत नाही त्याला मत देता येणार नाही. ओळखपत्र खिशात असो, तीन पिढ्यांचे घर त्या गल्लीत असो, शेजारीपाजारी साक्षीला उभे असोत. यादी म्हणेल ते खरे.

सीमाभागाच्या प्रश्नासाठी लढणाऱ्या पत्राला हैदराबादच्या मतदारयादीची ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. उठाठेव एवढ्याचसाठी की, आमच्यापाशी मताखेरीज दुसरे हत्यार नाही. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी येथील मराठी माणूस १९५६ पासून जे म्हणत आला ते त्याने मतपेटीतूनच म्हटले. १९५७ साली म्हटले, पुढेही वारंवार म्हटले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आमच्या माथी मारला गेला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, या साऱ्या काळात "लोकांना काय हवे आहे?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही मतांच्या आकड्यांकडे बोट दाखवीत आलो. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत कर्नाटक विधानसभेवर समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही, हेही आम्ही लपवीत नाही. आमच्यातील फाटाफुटीचे ते फळ आहे आणि त्याचे खापर यंत्रावर फोडण्याची आमची वृत्ती नाही. मात्र ज्या कागदावर आमचा माणूस "मतदार" म्हणून उभा आहे तो कागदच कोणी कुरतडू लागला, तर जिंकण्या-हरण्याची भाषाच संपली.

शिवाय हैदराबाद आम्हांला परके नाही. काचीगुडा आणि सुलतान बाजार या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत. मराठवाड्याचे पाच जिल्हे, बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि सारे तेलंगण एकाच निझामाखाली होते, आणि त्या राज्यात प्रजेला मत नव्हते. पेशावार प्रतिनिधित्वाची जी सुधारणा निझाम सरकारने पुढे केली ती इतकी फसवी होती की, १९४६ च्या निवडणुकीवर स्टेट काँग्रेसने बहिष्कारच घातला. १९४८ च्या सप्टेंबरात राज्य मुक्त झाले आणि अवघ्या साडेतीन वर्षांत, १९५२ साली, तेथला शेतकरी आणि शेतमजूर इतर भारतीयांच्या बरोबरीने प्रौढ मतदानाच्या रांगेत उभा राहिला. त्या मतदानाने काय काय दाखविले पाहा. ज्या कम्युनिस्ट पक्षावर संस्थानात बंदी होती त्याचे लोक लोकशाही आघाडीच्या नावाने उभे राहिले, आणि नलगोंड्याचे रावी नारायण रेड्डी लोकसभेवर निवडून गेले ते प्रत्यक्ष पंडित नेहरूंपेक्षा अधिक मते घेऊन. स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्याहून निवडून आले. १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ९३ मिळाल्या; म्हणजे सत्ता मिळाली, पण उरलेल्या बाकांवर बोलणारी माणसेही मिळाली. कालपर्यंत ज्या भूमीवर रझाकार आणि लष्कर यांचे राज्य होते तेथे हे घडले. नवजात लोकशाहीच्या परीक्षेत याहून चांगले गुण कोणी मिळवावेत?

आणि तरीही त्याच पहिल्या निवडणुकीत याद्यांचा प्रश्न उभा राहिलाच होता. देशभरातील सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी करताना पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना लाखो स्त्रिया अशा आढळल्या, की ज्यांची नोंद "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढीच होती. परक्या पुरुषाला आपले नाव सांगण्यास त्या तयार नव्हत्या. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे यादीबाहेर राहिली. सेन यांचा हट्ट कठोर होता, पण त्यात एक उघडेपणा होता. नावे का गाळली हे त्यांनी सरकारी अहवालात आकड्यासहित लिहून ठेवले, आणि पुढच्या निवडणुकीत ती उणीव बरीचशी भरून निघाली. नाव गाळणाऱ्याने "गाळले, इतकी गाळली, या कारणासाठी गाळली" असे जगापुढे सांगणे हाच तो फरक, ज्यावर आमचा आजचा सारा मुद्दा उभा आहे.

२०१८ च्या हैदराबादेत तो उघडेपणा नव्हता. मुळात ही नावे मतदानाच्या आदल्या रात्री कोणी पुसली नव्हती. त्या कर्माची सुरुवात तीन वर्षे आधीची. ३ मार्च २०१५ रोजी आयोगाने याद्या शुद्ध आणि प्रमाणित करण्याचा एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. मतदाराचे नाव त्याच्या आधार क्रमांकाशी जोडावयाचे, म्हणजे दुबार नावे आपोआप उघडी पडतील, अशी कल्पना. कल्पना ऐकण्यास गोड होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०१५ रोजी आधारच्या वापरावर अंतरिम बंधने घातली आणि आयोगाला तो कार्यक्रम थांबवावा लागला. पण तोपर्यंत हैदराबाद महानगरात लाखांनी नावांवर काट मारली गेली होती, विरोधी पक्षांनी ओरड केली होती, आयोगाला चौकशीसाठी पथक धाडावे लागले होते. २०१५ मध्ये नावे गाळताना घरोघर जाऊन करावयाची पडताळणी नीट झाली नाही, हे पुढे २०१८ मध्ये निवडणूक अधिकाऱ्यांनाही मान्य करावे लागले. म्हणजे घरापर्यंत कोणी गेलेच नाही, आणि घरातला माणूस मात्र "स्थलांतरित" झाला!

त्यातच घाईची भर पडली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी विधानसभा मुदतीआधीच विसर्जित झाली आणि जानेवारी २०१९ पर्यंत सावकाश चालावयाचे याद्यांच्या दुरुस्तीचे काम ऑक्टोबरात उरकावे लागले. ज्याला कोणाला आपले नाव तपासून हरकत घ्यावयाची होती त्याच्या वाट्याला काही आठवडेच आले. सुमारे दोन कोटी ऐंशी लाखांची यादी, आणि तपासण्यास काही आठवडे!

हैदराबादचे घरक्रमांक ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ही गोष्ट अधिक लवकर पटेल. तीन, आडवी रेघ, चार, आडवी रेघ, पाचशे बारा असा तो क्रमांक. त्यात एक आकडा चुकला की माणूस दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन पडतो. भाडेकरू दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवितात. नांदेड-लातूरकडून आलेला मजूर इमारत उभी राहीपर्यंत एका ठिकाणी, मग दुसऱ्या. लग्न होऊन आलेल्या मुलीचे आडनाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. मराठी नाव तेलुगूत लिहावयाचे, तेलुगूतून इंग्रजीत आणावयाचे, आणि मग यंत्राने म्हणावयाचे की ही दोन माणसे एकच, किंवा हे एक माणूस दोन! हैदराबादचे संशोधक श्रीनिवास कोडाली यांनी २०१८ मध्येच उच्च न्यायालयात जनहित याचिका करून याद्यांच्या शुद्धीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीबद्दल प्रश्न उपस्थित केला. त्या प्रश्नाचा रोख आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. कारकून नाव खोडतो तेव्हा निदान त्याची सही तरी सापडते. यंत्र खोडते तेव्हा सही कोणाची?

येथे एक खुलासा केला पाहिजे. त्या निवडणुकीत तत्कालीन तेलंगण राष्ट्र समितीला ११९ पैकी ८८ जागा मिळाल्या. गाळलेली नावे यादीत असती तर निकाल फिरला असता, असा आमचा दावा नाही. कोणत्या पक्षाची मते गेली याचा हिशेबही आम्ही मांडीत नाही. निकाल बदलला तरच मत चोरीला गेले असे मानणे म्हणजे तिजोरी रिकामी झाली तरच घरफोडी झाली असे मानणे होय. ज्याचे नाव गेले त्याच्यापुरती लोकशाही त्या दिवशी बंद होती, आणि एवढे कारण पुरेसे आहे.

कायदा अपुरा आहे म्हणावे, तर तसेही नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे २२ वे कलम स्पष्ट सांगते की, माणूस तेथे राहत नाही किंवा यादीत राहण्यास पात्र नाही म्हणून नाव काढावयाचे असेल तर आधी त्याला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. १९९५ साली लाल बाबू हुसेन प्रकरणात, दिल्ली व मुंबईच्या मतदारांच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले : नाव एकदा यादीत आले म्हणजे ते रीतसर आले असे धरून चालावयाचे; ते चुकीचे आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावयाचे. याचा साध्या मराठीत अर्थ इतकाच की, माझे घर माझे आहे हे मी रोज उठून सिद्ध करीत बसणार नाही, ज्याला शंका आहे त्याने पुरावा आणावा. हैदराबादेत नेमके उलटे झाले. माणसाला खटला कळलाच नाही, निकाल मात्र मतदान केंद्रावर वाचून दाखविण्यात आला.

जुन्या हैदराबाद राज्याची १९५६ साली तीन शकले झाली. यादीचा रोग तिन्ही शकलांत निघाला, हा योगायोग आम्हांला विचार करावयास लावतो. तेलंगणाचे सांगितले. आता कर्नाटकात गेलेला गुलबर्गा जिल्हा घ्या, ज्याने १९५२ साली स्वामीजींना निवडून दिले होते. त्या जिल्ह्यात, सोलापूरच्या सीमेला लागून आळंद हा मतदारसंघ आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी, डिसेंबर २०२२ पासून, तेथे नावे काढून टाकण्यासाठी ६,०१८ अर्ज आले. सारे संगणकावरून. अर्ज ज्यांच्या नावाने केलेले, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. एका मतदान केंद्राच्या अधिकारी बाईला आपल्या नातेवाइकाचेच नाव त्या अर्जांत दिसले आणि बिंग फुटले. तपासणीत ६,०१८ पैकी खरे अर्ज निघाले चोवीस! उरलेले ५,९९४ खोटे ठरले, ती नावे वाचली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला. याच मतदारसंघात २०१८ साली काँग्रेसचे बी. आर. पाटील सातशेहून कमी मतांनी पडले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे सहा हजार खोट्या अर्जांचे वजन कळते. यंत्रणेने येथे काम केले याबद्दल तिला शाबासकी द्यावयास हवी. पण त्या अधिकारी बाईचे नातेवाईक त्या अर्जांत नसते तर काय झाले असते, हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. लोकशाहीचे रक्षण नातेवाइकांच्या योगायोगावर किती दिवस चालवावयाचे?

तिसरे शकल महाराष्ट्रात. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी आळंदच्या उलट प्रकार झाला : नावे काढण्याचे नव्हे, घालण्याचे. नव्या नोंदणीच्या अर्जांपैकी सहा हजार आठशेहून अधिक अर्ज तपासणीत खोटे ठरून फेटाळले गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राजुऱ्याच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. पुढे त्या जागेचा निकाल लागला तो तीन हजारांच्या आसपास मतांनी. फेटाळलेल्या अर्जांचा त्या निकालावर परिणाम झाला असे कोणी म्हणू शकत नाही. पण ज्या कोणी बसून इतके अर्ज भरले त्याला गणित चांगले येत होते, एवढे तर म्हणता येईल!

यादी शुद्ध हवी याबद्दल आमचा वाद नाही. मेलेली माणसे, गाव सोडून गेलेली माणसे, दोन ठिकाणी नोंदलेली माणसे यादीत राहिली म्हणजे तोतया मतदाराला आयते निमंत्रण मिळते. हैदराबाद शहरात मतदान निम्म्याच्या आसपास घुटमळते आणि शहरी माणसाच्या आळसावर मग प्रवचने होतात. त्या टक्केवारीत आळशी किती आणि यादीत नुसतेच उरलेले किती, हे कोणी मोजत नाही. तेव्हा निवडणी झालीच पाहिजे. निवडणाऱ्याने तांदूळ आणि खडा दोन्ही पाखडून टाकू नयेत, इतकेच आमचे मागणे आहे.

आणि येथे आमच्या स्वतःच्या लोकांना काही अप्रिय सांगणे भाग आहे. राजुरा मतदारसंघातच, जिवती तालुक्याच्या डोंगरात, तेलंगणाच्या सीमेवर चौदा गावे आहेत. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर ही त्यांतली काही. मराठी बोलणाऱ्यांची गावे. सीमेचा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० च्या दशकात महाराष्ट्राच्या बाजूने संपला. परंतु तेलंगणाने, म्हणजे त्या वेळच्या आंध्राने, आपला कारभार काही उचलला नाही. परिणाम असा की, एका गावाला दोन सरकारे, दोन रेशनकार्डे आणि दोन मतदारयाद्या. गावकरी दोन्हीकडे मत देत आले. २०१९ साली चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही ठिकाणी लोकसभेचे मतदान ११ एप्रिल या एकाच दिवशी होते. २०२४ साली चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचे १३ मेला झाले. अधिकाऱ्यांनी एकदाच मत द्या असे सांगत फिरावे, आणि गावकऱ्यांनी त्यांना विचारावे की, पाणी एक सरकार देते आणि घर दुसरे, तर मत कोणाला नाकारू? जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ही गावे पूर्णपणे महाराष्ट्रात आणण्याची घोषणा केली.

या गावांना गुन्हेगार ठरविण्याचा विचारही आमच्या मनाला शिवत नाही. दोन राज्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी ओढले, एकानेही पुरते घेतले नाही. पण एका माणसाची दोन मते हा कायद्याने गुन्हा आहे. एका मतदारसंघाहून अधिक ठिकाणी नोंद असू नये असे १९५० च्या कायद्याचे १७ वे कलम सांगते. मराठी माणसाची दोन मते म्हणून ती आम्ही पदरात घालून घेणार असू, तर बेळगावच्या यादीतून एखाद्या मराठी मतदाराचे नाव विनानोटीस गेले तेव्हा तक्रार करण्यास आम्हांला तोंड उरणार नाही. आमची मागणी स्वच्छ असली पाहिजे, कारण उद्या तीच मागणी घेऊन आम्ही दुसऱ्याच्या दारात उभे राहणार आहोत.

यंत्रांविषयी दोन शब्द. मतदानयंत्रे तयार करणाऱ्या दोन सरकारी कारखान्यांपैकी एक, इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन, हैदराबादेतच आहे. आणि त्या यंत्रातील उणिवा दाखवून देणाऱ्यांपैकी एक, अभियंता हरी प्रसाद, हेही हैदराबादचेच. परीक्षेसाठी मिळविलेले यंत्र कोठून आणले हे न सांगितल्याबद्दल ऑगस्ट २०१० मध्ये त्यांना चोरीच्या आरोपावरून अटक झाली. यंत्रावर शंका घेणाऱ्यांचे सारे म्हणणे आम्हांला पटते असे नाही. परंतु तपासणाऱ्याला तुरुंगात टाकून विश्वास वाढत नसतो. तो वाढला असेल तर मतदाराला आपले मत कागदावर दाखविणाऱ्या चिठ्ठीच्या व्यवस्थेने, जी अंगीकारण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सांगितले. यंत्राचा वाद जितका गाजतो तितका यादीचा गाजत नाही, ही आमची खंत आहे. यंत्र मते मोजते. मत द्यावयास कोण येणार, हे यादी ठरविते.

मग करावयाचे काय? उत्तर १४ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात बरेचसे सापडते. बिहारमध्ये याद्यांच्या विशेष पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली, तेव्हा न्यायालयाने आयोगाला सांगितले की, ही नावे कारणासहित प्रसिद्ध करा, लोकांना शोधता येतील अशी करा, गावपातळीवरच्या कार्यालयांत लावा. एवढी साधी गोष्ट! हीच गोष्ट हैदराबादेत २०१५ साली झाली असती, प्रत्येक मतदान केंद्राच्या दारावर "गाळलेली नावे" असा एक कागद लागला असता, तर २०१८ ची माफी मागण्याची पाळी आली नसती. बिहारला जे न्यायालयात जाऊन मिळाले ते प्रत्येक राज्याला नियम म्हणून, न मागता मिळाले पाहिजे. संगणकाने सुचविलेले नाव माणसाने दारात जाऊन पाहिल्यावाचून आणि पाहणाऱ्याने आपल्या नावाने सही केल्यावाचून कापता कामा नये. नोटीस मतदाराच्या हाती पडली पाहिजे, आणि ती त्याला वाचता येईल अशा भाषेत असली पाहिजे. बिदर-भालकीच्या म्हातारीला तिचे नाव का काढले हे कन्नडमध्ये लिहून दिले, किंवा हैदराबादच्या मराठी सुतारणीला तेलुगूत लिहून दिले, तर ती नोटीस दिली असे आम्ही मानीत नाही. आळंदच्या अर्जांचा माग अखेर संगणकातूनच काढावा लागणार होता. तेव्हा असे अर्ज कोठून, कोणत्या दूरध्वनीवरून आले याची माहिती तपास करणाऱ्यांना मागताक्षणी मिळाली पाहिजे, ती देण्यात आयोगाने हात आखडता घेऊ नये. आणि निवडणूक दाराशी आली असता याद्यांवर मोठी काट मारण्याचा उद्योग बंद झाला पाहिजे.

आमच्या कार्यकर्त्यांकडून मात्र आम्हांला याहून अधिक हवे आहे. सभा, मोर्चे, काळा दिवस हे सारे आपण करतोच. यंदा प्रत्येक गावात चावडीवर मतदारयादी मोठ्याने वाचली जावी. मेलेल्याचे नाव आले तर वाचणाऱ्याने थांबावे आणि ते काढण्याचा अर्ज आपणच भरावा, मग तो मेलेला आपल्या पक्षाचा का असेना. जिवंताचे नाव आले नाही तर त्याच बैठकीत नव्या नोंदणीचा सहा क्रमांकाचा अर्ज भरून घ्यावा. नाव काढण्याचा सात क्रमांकाचा अर्ज मतदारसंघातील कोणीही मतदार त्याच मतदारसंघातील दुसऱ्या कोणाविरुद्धही करू शकतो हे घरोघर सांगावे. आपल्या नावाने असा अर्ज झाल्याचे कळले तर चोवीस तास गप्प बसू नये. हैदराबादेतील आमच्या बांधवांनी बिऱ्हाड बदलले की घरमालकाच्या करारापाठोपाठ पत्त्याच्या बदलाचा अर्ज करण्याची सवय लावून घ्यावी.

चौदा गावांच्या बाबतीत दोन्ही राज्यांच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी एकत्र बसण्यास सीमेच्या निकालाची वाट पाहावयास नको. गावोगाव संयुक्त शिबिर भरवावे, प्रत्येक मतदाराला कोणत्या यादीत राहावयाचे हे त्याच्या तोंडून ऐकून घ्यावे, दुसऱ्या यादीतील नाव त्याच्या सहीने कमी करावे, आणि असे केल्याने त्याचे रेशन, घर वा जमीन जाणार नाही असे दोन्ही सरकारांनी लेखी द्यावे. त्या लेखाची पोच परमडोलीच्या माणसाला तेथल्या तेथे, मराठीत, शिक्क्यासह मिळावी.